कोंपे आणि कोमे

जेरेमी, हैती, ता. ३ फेब्रुवारी १९६९

ती. एर्नेस्तीनताईस,
ओनोराचे सा. न. वि. वि.

बत्तीस वर्षांपूर्वीचं एक रडणं परवापासून पुन्हा कानात घुमतंय. पाद्रीबाबांनी इदालियाच्या तान्ह्या मिर्ताच्या जिभेवर बाप्तिस्म्याचं मीठ ठेवलं आणि पोरगी अशी किंचाळली, की माझ्या हातातली मेणबत्ती कलंडली. तू मागून कुजबुजली होतीस, की मास्तर, घट्ट धरा, आता धर्मपिता आहात.

तेव्हा कुणालाच न सांगितलेली गोष्ट आज लिहितो. इदालियाचा नवरा होडीसकट बुडाला, त्या दुखवट्याचं वर्ष संपलं की तिला मागणी घालायची, असं मी ठरवलं होतं. त्याआधीच तिचा निरोप आला, की बाप्तिस्म्याला बाळाला तुम्हीच हातावर घ्या. पुढे केलेल्या बाळाला नाही म्हणणारा आपल्या गावात अजून जन्मायचाय. मी हो म्हटलं आणि त्या दिवसापासून बाळाचा धर्मपिता म्हणून तिचा कोंपे झालो, बाळाची आई म्हणून ती माझी कोमे. सख्ख्या भावाबहिणीहून सोवळं नातं! लग्नाचा विचार मनात आणला तरी वीज पडायची. मग शाळेत मुलांना विरहाच्या कविता शिकवल्या, आणि रविवारी देवळातल्या मिस्सेनंतर तिच्या ओट्यावर त्याच म्हणून दाखवल्या. ती म्हणायची, कोंपे, तुमच्या कवितेतली बाई मरेपर्यंत माझी कॉफी निवून जाते.

परवा नव्या पाद्रीबाबांना सहज विचारलं. आपल्याच मातीतला मुलगा आहे, मिस्सेत ढोलसुद्धा वाजवू देतो. तो हसला. म्हणाला, गुरुजी, धर्मपित्यानं धर्मकन्येशी लग्न करू नये, एवढंच. तिच्या आईबद्दलची बंदी रोमनं पन्नास वर्षांपूर्वीच उठवली. म्हणजे आपल्या त्या बाप्तिस्म्याच्याही कितीतरी आधी! ऊन डोक्यावर येईपर्यंत मी देवळाच्या पायऱ्यांवर बसून होतो.

मिर्ता आईला कायमची मॉन्ट्रियलला न्यायला आलीय. पंधरा तारखेच्या बोटीनं दोघी निघतील. सहासष्टाव्या वर्षी विचारू का गं? लोक हसतील का? तू थोरली, तूच सांग.

माया आहे तशीच ठेव.
तुझा ओनोरा


पोर्ट-ओ-प्रिन्स, ता. ९ फेब्रुवारी १९६९

चि. ओनोरास अनेक आशीर्वाद.

गुडघे कुरकुरतात, बाकी ठीक. तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा हसले, की म्हाताऱ्याला उशिरा पालवी फुटली. दुसऱ्यांदा हसू आलं नाही.

ओनोरा, मला ते ठाऊक होतं. बाप्तिस्म्यासाठी धर्मपित्याचं नाव द्यायला त्या जुन्या गोऱ्या पाद्रीबाबांकडे मीच गेले होते. ते म्हणाले होते, की पुढे त्या दोघांच्या लग्नाला नियमाची आडकाठी नाही, पण गाव मानणार नाही. वर म्हणाले, तुझा भाऊ त्या विधवेकडे कसा बघतो ते मला दिसतं, नीट विचार कर. मी विचार करूनच गेले होते. इदालिया आपल्या मामाचं नाव देणार होती. तुझं मी सुचवलं. तू तिच्या घरी गेलास तर तिथल्या आपल्या दोघांच्या घरात मी कुणासाठी चूल पेटवायची, एवढंच मला दिसत होतं.

तेव्हापासून दर रविवारी जिभेवर प्रसाद घेतला, पण कबुलीच्या वेळी हे पाप कधी सांगितलं नाही. आज तुला सांगते.

उत्तर लिहीत बसू नकोस. आजच जा आणि विचार. कविता मात्र म्हणू नकोस.

आशीर्वाद घ्यावासा वाटला तर घे.
एर्नेस्तीन


जेरेमी, ता. १७ फेब्रुवारी १९६९

ती. ताईस,
नमस्कार आज हातून उतरत नाही.

तुझं पत्र चौदाला मिळालं. तसाच गेलो, गळ्याचं बटणही न लावता. ती ट्रंक भरत होती. मी विचारलं. पाद्रीबाबा काय म्हणाले तेही सांगितलं. तुझं सांगितलं नाही.

आधी ती हसली. मग ट्रंकेच्या कडेवर बसली आणि म्हणाली, की कोंपे, रोजच्या जपमाळेत मी तुम्हाला भाऊ म्हणून देवापुढे ठेवलं. पहिली दहा वर्षं दात आवळून. मग एके दिवशी दात आवळायची गरजच उरली नाही. तुम्ही खरोखरच भाऊ झालात. रोमला नियम बदलता येतो हो, पण मी रोज देवाला सांगितलं ते आता खोटं कसं करू?

दुसऱ्या दिवशी धक्क्यावर मिर्तानं माझ्या दोन्ही गालांचे मुके घेतले. इदालियानं नुसता कपाळावर हात ठेवला, बहीण ठेवते तसा. बोट वळून दिसेनाशी झाली तरी टोपी माझ्या हातातच होती.

ताई, तुला माफ केलं असं लिहायला बसलो होतो. चार कागद फाडले. नाही जमत. दहा वर्षं दात आवळून बसलेली ती बाई डोळ्यांपुढून हलत नाही, आणि मी तिला कविता ऐकवत होतो! यंदा ईस्टरला मी तिकडे येणार नाही. पत्रही काही दिवस…

दारावर थाप पडली म्हणून थांबलो. खिडकीतून पाहिलं. बोटीच्या प्रवासानं पांढरीफटक पडलेली, अकरा वर्षांत शहराबाहेर पाऊल न टाकलेली बहात्तर वर्षांची एक बाई पायरीवर उभी आहे. थाप मारायला वर केलेला हात तिनं अजून खाली घेतलेला नाही.

ताई, तू आली आहेस.