लीयाबाईंच्या सिंकमधली गिरणी

मु. रामवाडी, पेण

ती. आत्येस,

दिपिकाचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा कसा हाय? तेल लावतेस का नुसती बाटलीच बघत बसतेस? मामांच्या रात्रपाळ्या संपल्या का? आमच्याकडे सगळं ठीक, बाबांची कंबर सोडून. (पत्रात मोठ्यांना ‘तुम्ही’ लिहायचं असतं ते ठाऊक हाय मला, पण तसं लिहिलं तर तुला वाटेल शेजारणीचं पत्र चुकून आपल्याकडे आलं.)

परवा तू बाबांना फोनवर बोललीस की रविवारी येते आणि दिपिकाला रोह्याला घेऊन जाते, धाटावला कंपनीत पॅकिंगला जागा हाय, बसून काम, डोक्यावर पंखा. मग बाबांनी फोन माझ्या हातात दिला. तू विचारलंस, येशील ना गो? मी गप्प. तू बोललीस, बरं, म्हणजे व्हय समजते. तर आत्ये, ते व्हय नव्हतं. फोनवर माझं असंच होतं. तोंडात वाक्य तयार होईपर्यंत समोरचा माणूस फोन ठेवून जेवायला बसलेला असतो. मला कंपनीत नाय जायचं. मला बाबांबरोबर नळाचंच काम करायचंय, आणि ते मला चांगलं येतं. कसं येतं ते आता सांगते. पूर्ण वाच, मधे बोलू नको.

पेणात लीयाबाई राहतात, ज्यू हायत, त्यांची माणसं सगळी इस्रायलला गेली, त्या एकट्याच राहिल्या. त्यांचा मुलगा रूबेन गेल्या महिन्यात आला तो तिकडून सिंकखाली बसवायच्या दोन मशीनी घेऊन आला. एक आईला, एक रेवदंड्याच्या मावशीला. ती मशीन म्हणजे काय, तर सिंकच्या भोकाखाली लावलेली गिरणीच. उष्टं, सालं, शिळा भात वरून ढकलायचा, नळ सोडायचा, बटण दाबायचं. घर्रर्र होतं आणि सगळं बारीक होऊन पाइपातून जातं. लीयाबाईंची बाबांनी बसवून दिली. (पहिल्यांदाच बघत होते, पण चेहऱ्यावर दाखवलं नाय. तेसुद्धा काम शिकण्यातच येतं.) पंधरा दिवसांनी निरोप आला की गिरणी बंद पडली. बाबा कंबर धरून झोपलेले. बोलले, दिपू, तूच जा.

मी गेले. फाटकाशी उभी राहिले. आता आत जाऊन सांगायचं काय, की मी पोपट प्लंबरची मुलगी, गिरणी बघायला आले, एवढंच. तेवढं जुळवत होते तर लीयाबाईच बाहेर आल्या. माझ्याकडे बघितलं, त्यांना काय वाटलं देव जाणे, परसात गेल्या आणि अळवाच्या पानांची ही एवढी जुडी आणून माझ्या हातात दिली. ‘लाजतेस काय गो, दरवर्षी लोकं नेतात,’ बोलल्या. मी पानं घेतली आणि घरी आले. बाबा बोलले, झालं काम? मी फदफदं करायला घेतलं.

दुपारी परत गेले. या वेळी हत्यारांची पेटी हातात धरून, म्हणजे बोलायचं काम पेटीच करेल. केलं तिनं. बाईंनी सरळ आत घेतलं.

बटण दाबलं तर मशीन नुसती गुंऽऽ करत होती, फिरत नव्हती. आत्ये, जळलेली मोटर गुणगुणत नाय. जळलेली मोटर वास मारते आणि गप्प बसते. गुणगुणते म्हणजे जिवंत हाय, आत काहीतरी अडकलंय. हे मला बटण दाबल्या दाबल्या कळलं. पण रूबेन मागे उभा. उंच माणूस, पांढराशुभ्र शर्ट, मराठी आपल्यासारखंच बोलतो पण दुप्पट वेगानं. बोलला, मोटर गेली, काढून टाक, मावशीची नवीन लाव, मावशीला मी दुसरी पाठवीन. आता त्याला थांबवून ‘मोटर चांगली हाय’ सांगायचं का सिंकखाली आडवं पडून सबंध मशीन उतरवायची आणि दुसरी चढवायची, यातलं सोपं काय? मी आडवी पडले.

उतरवायला काय नाय, बरणीच्या झाकणासारखी फिरवली की सुटते. जड मात्र हाय, छातीवर घेतली तर वासराएवढी वाटते. नवीन चढवताना तिच्या बाजूच्या तोटीत एक काळी टिकली दिसली. मला वाटलं पॅकिंगची हाय, काढायची राहिली. हातोडी आणि पेचकस घेऊन ठोकून काढली. कशी सफाईनं निघाली म्हणून सांगू. (ती टिकली भांडी धुवायची मशीन असेल तरच काढायची असते. हे खोक्यावर चित्र काढून लिहिलेलं, आणि खोकं लीयाबाईंनी कांदे ठेवायला घेतलेलं.)

रूबेन बोलला, थांब, मी टेस्ट करतो. वाकला, वरून भात आणि कलिंगडाची सालं ढकलली, बटण दाबलं. मशीन एक नंबर फिरली. आणि जिथं टिकली होती तिथून सगळं बाहेर आलं, बारीक दळून, सरळ त्याच्या शर्टावर. लीयाबाई दारात हसत खाली बसल्या. ‘तिकडून आणलीस ना कौतुकानं, घे आता,’ बोलल्या. तो काय चिडला नाय, शर्ट बादलीत बुडवायला गेला. मी तेवढ्यात लाकडाचं बूच तासलं, वर रबरी नळीचा तुकडा चढवला, क्लिप आवळली. अजून एक थेंब गळत नाय. वाटलं तर येऊन बघ.

मग मशीन चालली, पाणी गेलं, सगळे खूश, एवढ्यात परसातून कोंबड्यांचा कालवा. आपल्याकडच्या घरांत मोरीचं पाणी कुठं जातं, आत्ये? परसात, अळवाला आणि केळीला. तिकडे इस्रायलला गटारात जातं. बाबांनी पाइप जोडला तो आपल्या रीतीप्रमाणे अळवातच सोडलेला. म्हणजे पंधरा दिवस बाईंच्या घरातलं सगळं उष्टं दळून अळवाच्या बुडाशी साचत होतं, आणि शेजारच्या गुणाजी काकांच्या कोंबड्यांना ते कळलं होतं. घर्रर्र आवाज झाला की अकरा कोंबड्या कुंपणाखालून धावत येऊन पाइपाच्या तोंडाशी बसायच्या. गुणाजी काका काठी घेऊन उभे. ‘लीयाबाई, माझी अंडी तुमच्या अळवात पडतात,’ बोलले. बाई बोलल्या, ‘तरीच मी म्हणते, अंडी देण्याएवढं अळू गुणी कधीपासून झालं.’ दोघं भांडत होते तोवर मी कोळशानं ओट्याखाली चित्र काढलं, कडेला खड्डा, खाली दगड, वर झाकण, पाइप त्यात. रूबेननं ते बघितलं आणि कुदळ स्वतःच आणली. दुसऱ्या दिवशी खड्डा झाला. कोंबड्या अजून येतात, थोडा वेळ बसतात, जातात.

जुनी मशीन मी घरी आणून खालच्या भोकात वाकडी चावी घालून फिरवली. आतून काय निघालं, नारळाची शेंडी. मुलगा सुखरूप आला म्हणून त्यांच्यात मलिदा करतात, गोड पोहे, खोबरं, फळं, माणसं बोलावतात. तो मलिदा गिरणी बंद पडायच्या आदल्या दिवशी झाला, चार नारळ फोडले आणि शेंड्या बाईंनी गिरणीत घातल्या, कारण रूबेन बोललेला की यात सगळं जातं. शेंडी काढली, खालचं लाल बटण दाबलं, मशीन पहिल्यासारखी. दुसऱ्या दिवशी ती परत नेऊन त्यांच्या पडवीत चालवून दाखवली. लीयाबाईंनी बटण बंद केलं. ‘म्हणजे ही चांगली हाय ते तुला कालच ठाऊक होतं?’ मी मान हलवली. ‘मग बोलली का नाय गो?’

बोलणं येत नाय म्हणून मी पेटी उचलून घरी आले. पण काम येत नाय असं तर कुणी बोलू शकत नाय ना. मामांना नमस्कार, तुझ्या प्रणितला आशीर्वाद. (तो मोठा हाय, पण देऊन ठेवते.)

तुझी,
दिपिका

ता. क. रविवारी ये. मला न्यायला नाय, राहायला ये, चार कपडे जास्त घेऊन. लीयाबाईंनी सगळीकडे सांगितलंय, नवीन बिल्डिंगमधून तीन घरांची बोलावणी आलीत. रोह्याला तुझी सगळी गल्ली तुझ्याशी बोलून दमते. इथं तू माझ्याबरोबर चल, दारात उभी राहा आणि मी आतून जे खुणेनं सांगेन ते मोठ्यानं बोल. गुडघा दुखला तर खुर्ची मागू. मागायचं तूच.

ता. क. दुसरा. तू बाबांना कंपनीतल्या साहेबांचा नंबर दिलेला, त्यावर मी आज सकाळी फोन केला. मी येत नाय, एवढंच बोलले. दोनदा बोलावं लागलं, पहिल्यांदा त्यांच्याकडे मशीनचा आवाज होता. ते बोलले ठीक हाय, दुसरी मुलगी घेतो. तेव्हा त्या जागेचं आता काय बघू नको.