सदतीस पॉइंट सहा

१२ जानेवारी
पल्लवी आली. जावई सोडून लगेच पुण्याला परत, रजा नाही. पाचवा पूर्ण झाला. ही तिसरी वेळ. पहिलं पाचव्यातच गेलं, दुसरं आठवा लागता लागता. दोन्ही वेळा तपासण्यांची जाडजूड फाइल आणि प्रत्येक कागदावर तोच शब्द, नॉर्मल. सगळं जिथल्या तिथं होतं, फक्त मूल राहिलं नाही.
शोभाने पोहरादेवीला नवस बोलून टाकला. मला विचारलं नाही. विचारून काय उपयोग, तिला माझं उत्तर चौतीस वर्षांपासून पाठ आहे.

१५ जानेवारी
संध्याकाळी वानखडे सर आले. कॉलेजात ते गणित, मी फिजिक्स. आता दोघेही रिटायर, मी रिसोडच्या या घरामागे अंडी उबवतो, ते देव शोधतात. आज पुन्हा तेच. गुरुत्वाकर्षण जरा जास्त असतं तर तारे भराभर जळून गेले असते, जरा कमी असतं तर पेटलेच नसते. अणूतला जोर थोडा इकडेतिकडे, तर कार्बन नाही, पाणी नाही, आपण नाही.
"एवढे आकडे आपोआप जुळले म्हणता सर?"
मी म्हटलं, जुळले नसते तर विचारायला तुम्ही-आम्ही बसलो नसतो.
"हे उत्तर नाई. ही पळवाट हाय."
खरं म्हणजे मलाही ती थोडी पळवाटच वाटते. त्यांच्यासमोर म्हणणार नाही.

२० जाने.
मशीनमध्ये २८८ गावरान अंडी. तापमान ३७.६. दमटपणा बरोबर. ट्रे तासाला कलतात. पल्लवीने विचारलं, अर्धा अंश जास्त झाला तर? म्हटलं, लवकर फुटतात, पिलं अधू निघतात. दोन अंश जास्त? काहीच निघत नाही.
"एवढ्याशा फटीत हाय म्हणजे सगळं," म्हणाली. पोटावर हात होता.

७ फेब्रुवारी
अठरावा दिवस. खोलीत अंधार करून प्रत्येक अंड्याखाली बॅटरी धरली. ११ बाद. आत हालचाल नाही, शीर नाही. मागच्या शेणखताच्या ढिगावर फेकून दिली, फावड्याने आत ढकलली. उरली २७७. आता ट्रे हलवायचे नाहीत, दमटपणा वाढवायचा आणि वाट पाहायची.

९ फेब्रु.
आतून आवाज सुरू झाले. कवच अजून शाबूत, तरी आतून चिवचिव. दरवर्षी ऐकतो तरी अंगावर काटा येतो. पल्लवी खुर्ची टाकून दुपारभर काचेला कान लावून बसली. हसली. आल्यापासून पहिल्यांदा.
"बाबा, एकमेकांशी बोलून राह्यले."

१० फेब्रु.
सकाळी मशीनच्या खोलीत गेलो. पंखा फिरतोय, दिवा चालू, काटा ३७.६ वर. आवाज नाही. एकही नाही. वाटलं, माझे कान गेले. बाहेर येऊन पाहिलं, चिमण्या ऐकू येतात, रस्त्यावरची जीप ऐकू येते. परत आत. काही नाही.
एकाही अंड्याला तडा नाही.

११ फेब्रु.
बाविसावा दिवस. दार लावून घेतलं आणि फोडायला लागलो. पूर्ण पिलं. पिसं, नखं, सगळं. चोच हवेच्या पोकळीकडे वळलेली, जशी वळायला हवी तशी. सगळी एकाच अवस्थेत थांबलेली. जणू कोणी एकदम सांगितलं, पुरे.
साठ फोडल्यावर हात थांबले.
वीज गेली नव्हती. दुसरा थर्मामीटर लावून पाहिला, तिसरा लावला. तिन्ही एकच सांगतात.

१२ फेब्रु.
जनावरांच्या डॉक्टरांकडे सहा पिलं नेली. त्यांनी कापून पाहिली. रोग नाही, विष नाही, हवा कमी पडल्याची खूण नाही. "सर, काहीच सापडत नाई. सगळं नॉर्मल हाय." तो शब्द ऐकून मी खुर्चीचा हात धरला.
पल्लवीला सांगितलं, वीज गेली होती. शोभाने माझ्याकडे पाहिलं. उरलेली लिंबाखाली खड्डा करून पुरली.
परत येतो तर शोभा मागून हाका मारते. अहो, इकडं या. शेणखताच्या ढिगातून चिवचिव.
एक पिलू. ओलं, लाल, उभं राहायला धडपडणारं. बाजूला कवच, त्यावर माझ्या पेन्सिलची फुली. मीच मेलेलं म्हणून खूण केलेलं.

१३ फेब्रु.
थर्मामीटर घेऊन ढिगावर बसलो. शेण सडताना गरम होतं, त्यात नवल नाही. वर २४. हातभर खोल ५८. कवच होतं त्या जागी ३७.६.
तीनदा मोजलं. वीतभर बाजूला सरकलं की आकडा बदलतो. बाकीची दहा अंडी उकरून काढली. काही शिजलेली, काही गार. तेवढ्याच एका बचकाभर जागेत...
मी न पाहता फेकली होती.
शोभा म्हणते, देव. वानखडे सर येऊन बघून गेले, तेही देवच म्हणतील असं वाटलं होतं. पण ते बराच वेळ ढिगाकडे पाहत उभे राहिले. म्हणाले, "अकरा फेकले, एक बरोबर पडलं. हे तर तुमच्या बाजूचं झालं सर." मग मशीनच्या खोलीकडे मान करून, "पण मंग तिथं काय झालं? तिथं तर लावणारा होता. तुमी होते."
चहा न घेता गेले. असं कधी होत नाही.

१४ फेब्रु.
पल्लवीला कळलं. लिंबाखालची माती तिने पाहिली असावी. मी वाचत होतो, येऊन समोर बसली. रडली नाही.
"वीज गेली नव्हती ना?"
नाही म्हटलं.
"बाबा, त्या पिलायले आतमंधी वाटत असंल, ही मशीन आपल्यासाठीच लावली हाय. अन् ते खरंच हाय. तुमीच लावली. पण कायले लावली?"
विकायला. हे आम्हा दोघांनाही माहीत आहे. आसपासच्या बाया घेऊन जातात, पाहुणे आले की कापतात.
"सगळं इतकं जुळवून ठेवणारा कोणी असंल, तर मले त्याचं भ्या वाटते. नसता तर बरं होतं. नसता तर माहे दोघं असेच गेले म्हणता आलं असतं."
तिच्या डोक्यावर हात ठेवला, तिने ठेवू दिला.

२७ फेब्रु.
मशीन धुऊन ठेवली. बायांचे निरोप येतात, सर पिल्लं कधी? पाहू म्हणतो. दोनदा अंडी मांडायला गेलो. बटणाला हात लावला की तिचा प्रश्न आठवतो, परत येतो.
पिलू धडधाकट. शोभाने स्वयंपाकघरात टोपल्यात ठेवलंय. पल्लवी त्याच्याकडे पाहत नाही. ते मात्र टोपल्यातून उडी मारून तिच्याच मागे फिरतं.

२० मार्च
आठवा लागला. मागचं ज्या दिवसांत गेलं ते हे दिवस. पल्लवी बोटांवर हालचाली मोजते, आम्ही तिचा चेहरा मोजतो. दुपारी दोन तास काही नाही. मग एकदम लाथ. शोभा देवघरात जाऊन रडली.
वाशिमला सोनोग्राफी. डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या, सगळं नॉर्मल आहे. आम्ही तिघंही हसलो नाही. त्यांना आश्चर्य वाटलं असणार.

१ एप्रिल
शोभा पोहरादेवीहून आली. यात्रेची गर्दी, जीपला लटकून लोक. अंगारा आणला. पल्लवीने लावून घेतला नाही.
"आई, तू नवस फेडू नको. काही मागूही नको."
"काहून वं बाई?"
"एवढ्या गर्दीत त्याले आपण दिसलो नाई तर बरं. त्याचं ध्यान इकडं नको."
शोभाने अंगारा पुडीत बांधून ठेवला. माझ्याकडे वळून पल्लवी म्हणाली, "तुमी बी काही मागू नका बाबा." म्हटलं, मी कधी मागतो? "तरी सांगून ठेवते."

१४ एप्रिल
पहाटेपासून कळा. दिवस भरायला पाच आठवडे बाकी. वाशिमला पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, थांबता येणार नाही, आता काढावं लागेल. बाळाचे ठोके मध्येच कमी होतायत. का, विचारलं. "सांगता येत नाही."
स्ट्रेचर आत नेताना पल्लवीने माझं मनगट धरलं. नुसती मान हलवली. नाही म्हणून. समजलो.

जावई रस्त्यात आहेत, मेहकर सोडलं म्हणतात. शोभा बाकावर, ओठ घट्ट मिटलेले. आयुष्यभर देवाचं नाव घेणारी बाई आज लेकीच्या शब्दासाठी तोंड मिटून बसली आहे. दार बंद होऊन पंचवीस मिनिटं झाली. आतून भांड्यांचा आवाज, मग काही नाही.

वही सोबत आणली म्हणून लिहितोय, हाताला काम.
मी कधीच काही मागितलं नाही. ऐकायला कोणी नाही, मग मागायचं कोणाला, इतकं सोपं होतं ते. आज मात्र एक वाक्य सारखं ओठांवर येतंय आणि मी ते गिळतोय. खोकलासुद्धा दाबून ठेवलाय. माणूस कोणीतरी ऐकत असेल तेव्हाच इतका जपून गप्प बसतो.
शोभाने आत्ता माझा हात धरला. दाराच्या काचेमागे कोणीतरी येऊन उभं राहिलंय. अजून उघडलं नाही