गॅरेजची ओढ

४ नोव्हेंबर
आलो एकदाचे! घर छोटं, पण स्वतःचं. स्वयंपाकघरातलं एक दार थेट गॅरेजमध्ये उघडतं. बायकोने खोल्या पाहिल्या, आमच्या चार वर्षांच्या छकुलीने जिना पाहिला आणि मी गॅरेज. ज्याची त्याची हौस. तिथली जमीन मात्र मातीची, आणि पाणी तळ ठोकून बसलेलं. पुढच्या आठवड्यात काँक्रीट घालून घेतो.

११ नोव्हेंबर
ओतकाम झालं. गवंडीबाबा सत्तरीचे, बोलणं मोजूनमापून. उताराला ते ‘ओढ’ म्हणतात. खडी ठोकून बसवली आणि ओतण्याआधी त्यांनी मला विचारलं, ओढ कुणीकडे द्यायची? घरधन्याने ते तोंडाने सांगायचं, अशी त्यांची रीत. सरळ उत्तर देईन तर मी कसला! म्हटलं, ओढ काय, सगळ्यांना घराचीच असते. बायको खुदकन हसली. बाबा हसले नाहीत. शब्द मागे घ्या म्हणाले, या मातीत कोण आहे ते तुम्हाला ठाऊक नाही. मी ते हसण्यावारी नेलं. मग त्यांनी बाहेरच्या गटाराच्या जाळीकडे उतार दिला, वीस फुटांना अडीच इंच. काम मात्र एक नंबर.

१४ नोव्हेंबर
काँक्रीटवर रोज पाणी मारतोय. ते जाळीकडे जातच नाही, स्वयंपाकघराच्या दाराकडे येतं. लेव्हल लावून पाहिली. उतार बाहेरचाच आहे. बाबांना फोन केला. उतार माझा, ओढ तुमची, एवढं बोलून त्यांनी ठेवून दिला. राग आला. खरं सांगायचं तर भीतीही वाटली.

१६ नोव्हेंबर
दार बंद केलं, फटीत कापड कोंबलं. तरी स्वयंपाकघर ओलं. ओल्यात लहान अनवाणी पावलं, सगळी आत येणारी. एकही परत जाणारं नाही. छकुलीला रागावलो. ती रडत म्हणाली की ती मी नाही, ती दुसरी आहे, तिला थंडी वाजते.

१७ नोव्हेंबर, दुपार
बायको सांगते, छकुली आज दोनदा जेवायला बसली. पहिल्यांदा एक अक्षर बोलली नाही, आणि ताटात नंतर— वाळू होती. हे घर नको. आजच निघतोय.

चार वाजता
सामान राहू दे. बायको गाडी काढायला गेलीय. मी छकुलीचं मनगट घट्ट धरलंय. काही झालं तरी सोडणार नाही. दुसऱ्या हाताने हे लिहितोय, नाहीतर ओरडेन.

बायको हाका मारतेय. लवकर या म्हणते, छकुली केव्हाची गाडीत बसलीय—

खिडकीतून दिसतेय. काचेला नाक लावून— रडतेय, बाबा बाबा करतेय—

मग हे मनगट—

ओलं आहे. खाली बघायचं नाही. सोडतो. सोडलं. मी बोटं उघडलीत, पण तिने—