येसूमावशी आणि चार काळे कोपरे

स्वस्ति श्री सप्तसागरसंचारी, यंत्रगर्भनिवासी, डिझेलतैलाभिषिक्त, परदेशी बंदरांत सुक्या बोंबलाच्या स्मरणाने व्याकुळ, आमुचे मातृष्वसेय बंधू (पक्षी, मावसभाऊ) सुजयराव यांचे सेवेशी रत्नागिरीहून आत्माराम छायाचित्रकाराचा भयकंपित नमस्कार.

जहाजाच्या इंजिनखोलीत जितके क्षेम संभवते तितके आपले असो. रक्तदाब कसा आहे? माझा विचारू नये. (उपचार संपले, आता अरेतुरेवर येतो.) तुझ्या कन्येचा, चि. नेत्राचा, साखरपुडा रविवारी निर्विघ्न पार पडला. विघ्न आले ते केवळ मजवर.

तुला ठाऊकच आहे की तुझ्या मातोश्री, आमच्या येसूमावशी, काका वारल्यापासून मंगलप्रसंगी फोटोत अगदी कडेला उभ्या राहतात. मधे या म्हटले की “मी बरी हाय हितंच” म्हणून आणखी एक पाऊल बाहेर सरकतात. माझा जुना कॅमेरा क्रॉप सेन्सरचा. त्याचे अंतःपटल लहान असल्याने (लहान तव्यावर मोठे पापलेट टाकले की शेपूट बाहेर राहते, तद्वत) दृश्याच्या कडा कापल्या जातात. मागे सरकत सरकत मी विहिरीच्या कठड्याला टेकलो, तरी पुतण्या अजिंक्यच्या लग्नात मावशी अर्ध्या आल्या आणि त्याच्या बहिणीच्या, भाविकाच्या, लग्नात केवळ कोपर व पदर. नेत्राचे ठरले त्या दिवशी मावशी शहाळे सोलता सोलता म्हणाल्या, “आत्म्या, नातीच्या लग्नात तरी मी पुरती येनार, का परत कापनार हायस?” समोरच्या व्यक्तीच्या हाती कोयती असताना हे क्रियापद ऐकण्याचा प्रसंग शत्रूवरही न येवो.

तीन आठवडे मी संगणकावर विद्वानांचे शास्त्रार्थ ऐकले. एक म्हणे, फुल फ्रेमविना (पक्षी, मोठ्या अंतःपटलाच्या कॅमेऱ्याविना) मंगल कार्यालयाच्या मंद प्रकाशात वधूवर कोळशासारखे दिसतात. दुसरा म्हणे, क्रॉप हलका, लांबचे जवळ आणतो, मान मोडत नाही. माझी झोप मात्र दोघांनी मिळून मोडली. अखेरीस आपल्या रीतीप्रमाणे ग्रामदेवतेला कौल लावला. गंगाराम गुरवाने देवाच्या दोन्ही खांद्यांवर एकेक पाकळी चिकटवली; उजवी पडली तर फुल फ्रेम, डावी पडली तर क्रॉप. मग खड्या आवाजात गाऱ्हाणे घातले, “बा म्हाराजा, ह्यो तुजा लेकरू आत्माराम मोठा क्यामेरा घेऊ का बारकाच ठेवू म्हनून इचारतोय, काय ता सांग म्हाराजा!” हरवलेल्या म्हशीसाठी आलेले तिघे मागे उभे होते, त्यांनीही “व्हय म्हाराजा!” म्हणून साथ दिली. उजवी पडली. आठवड्यात फुल फ्रेम घरी आला. भिंग तेवढे जुनेच ठेवले, कारण ते त्यावर बसत होते.

येथेच घात झाला. जुने भिंग क्रॉपच्याच मापाचे. त्याचे प्रकाशवर्तुळ मोठ्या अंतःपटलास पुरत नाही. मध्ये पौर्णिमा, चारी कोपऱ्यांत अमावास्या. (अशा वेळी कॅमेऱ्याने कडा आपण होऊन कापायच्या असतात म्हणे, पण भिंग दुसऱ्या कंपनीचे असल्याने त्याने ओळखच दाखवली नाही.) साखरपुड्यात कॅमेऱ्याच्या पडद्यावर कोपरे काळे दिसत होते, ती मी मांडवाच्या झालरीची छाया समजलो. घरी येऊन पाहतो तो व्याही उजळ, भटजी उजळ, पेढ्यांचे ताट उजळ. आणि ज्या मावशी आजवर निदान अर्ध्या तरी येत, त्या समूळ अदृश्य! एका फोटोत काळोखातून त्यांच्या चष्म्याची एक काच तेवढी चकाकते. ती माझ्याकडेच पाहते आहे.

नव्या कॅमेऱ्यात क्रॉपची कळ आहे. ती दाबली की काळोख जातो आणि मावशी पुनश्च अर्ध्या. म्हणजे अर्ध्या की अंधारात, एवढाच विकल्प उरला. गुरवाकडे धावलो, तर तो शांतपणे म्हणतो, “देवान क्यामेरा सांगितलान. भिंगाचा तुमी इचारलात कदी?” फिरून कौल लाव म्हटले तर एका कामाला देवाला दोनदा उठवत नाहीत. गुरुवारी सकाळी मावशी फोटो पाहायला येणार आहेत. माझ्यासाठी शहाळी आणणार आहेत. म्हणजे कोयतीही आलीच.

तुझा, गुरुवारपर्यंत निश्चितपणे,
आत्माराम

ता. क. १ : खरे काम हे. वैशाखात लग्नाला येशील तेव्हा, पुत्र या नात्याने, मातोश्रींना हाताला धरून वधूवरांच्या मधोमध खुर्चीवर बसव. कॅमेरा कोणताही असो, भिंग कोणतेही असो, मधले माणूस उजळ येते. एवढे त्यांना सांगण्याचे धैर्य मला दोन लग्ने आणि एक साखरपुडा होऊनही झाले नाही, म्हणून मी देवाला उठवले.

ता. क. २ : फोटो तुला पोचले आणि “आई फार सुरेख आली आहे” असे तू कळवलेस, हे मी मावशींना आधीच सांगून चुकलो आहे. बुधवारी तसा फोन करावा. गुरुवारी माझा संगणक बिघडणार आहे.

ता. क. ३ : कौलाच्या वेळी भिंगाचे झाकण मी नारळाशेजारी ठेवले होते. ते आता गंगारामाने कुंकवाच्या डबीला लावले आहे. तंतोतंत बसते, आणि देवापुढे ठेवलेले परत मिळत नाही म्हणतो. सध्या भिंगावर श्रीखंडाच्या डब्याचे झाकण रबराने बांधतो, ते सारखे निसटते.