सटवीची पेटी

२ मार्च ९७, रवि.
सटवीने आज शेपटी मारली. मनगटापासून कोपरापर्यंत वळ, मधे कातडी फाटून रक्त. मीही तिला मानेशी दाबून गोणीत कोंबलं, गरजेपेक्षा जोरात. ती आत धडपडत होती तेव्हा बरं वाटलं. लिहायला नको होतं, पण वाटलं खरं.

सुरतेतल्या कतारगामच्या हिरेवाल्या शेठने मुंबईहून हौसेने आणलेली ही इग्वाना. घोरपडीसारखी, तीन फूट, हिरवीगार. फोटो काढायला माझ्या स्टुडिओत घेऊन आला, तिथेच त्याला कडकडून चावली. 'तू ज राखी ले,' तूच ठेव म्हणाला नि सुटला. भेस्तानच्या आमच्या दीड खोलीत तेव्हापासून ही महाराणी.

मग पेटी. पाला, कागद, घाण बाहेर. साबण, गरम पाणी, तिची वेगळी घासणी. मग ब्लीचिंग पावडरचं पातळ पाणी, दहा मिनिटं तसंच. मग धू धू धुवायचं, पेटीत नाक घालून बघायचं, वास गेला तरच उन्हात. दुसरा पाहुणा म्हणजे बरणीतला केसाळ कोळी, त्याच्या बरणीला मात्र नुसतं गरम पाणी, साबणसुद्धा नाही. सुनंदा मोरीच्या दारात उभी राहून माझे हात दोनदा धुवून घेते. तिच्या भांड्यांना पेटी लागली तर ती माहेरी जाणार आहे. गेल्या वर्षापासून जाते आहे.

९ मार्च, रवि.
शेजारच्या रमणभाईने गॅलरीत फिनाईल ओतलं. मुद्दाम. पेटी तिथेच वाळत होती. फिनाईल या प्राण्यांना विषच, त्याला चार वेळा सांगितलं होतं. डबा हिसकावून खाली फेकला, त्याची कॉलर धरली, डोकं भिंतीला आपटलं. एकदाच. दुसऱ्यांदा आपटणार होतो, तर दादा मधे पडला. त्याचं वजन पन्नास किलो नसेल, पण मला मागून अशी मिठी मारली की हलता येईना. 'भाऊ, हात आवर. हात आवर ना रे.'

दादा माझ्याहून अकरा वर्षांनी मोठा. वडील गेले तेव्हा सातवीतून शाळा सोडून मजुरीला लागला, पुढे सुरतेला आला, मला अंमळनेरला मॅट्रिक करवलं. वहिनी गेल्यापासून आमच्याकडेच असतो. पलसाण्याच्या कापडाच्या प्रोसेस हाऊसमधे ब्लीचिंग खात्यात वीस वर्षं. जगात एकच माणूस मला असा मागून धरू शकतो.

१५ मार्च, शनि.
पेटीच्या लाकडाला पांढरी बुरशी. सटवीच्या जबड्यापाशी सूज. उद्या पेटी कडक धुतलीच पाहिजे, नि उद्याच उधन्याला लग्नाच्या फोटोंची ऑर्डर. सु. पण बहिणीकडे जाणार.

दादाला समजावलं. सटवी आधी गोणीत. साबण. ब्लीच दहा मिनिटं. पाणी नऊलाच जातं, तेव्हा शेवटी खळबळायची कटकट नको, हायपो फिरवून पुसून घे, ब्लीचचा वास मरतो. मग तिला आत सोड. त्याने बोटांवर मोजून परत म्हणून दाखवलं. हायपोपाशी थांबला. 'हायपोच ना?' 'हो रे बाबा, हायपोच. किती वेळा सांगू?'

हायपो म्हणजे आमचे पांढरे खडे. स्टुडिओत फोटो पक्का करायला लागतात, ब्लीच मारायला त्यासारखं दुसरं नाही. एक पुडी आणून फळीवर ठेवली आहे.

१७ मार्च, सोम.
कालचं आज लिहितो आहे. उजव्या हाताची बोटं सुजली आहेत.

पाचला आलो. दारातच नाक जळलं. पेटी बंद, सटवी आत उताणी, तोंडाला फेस, डोळे दुधासारखे. बाहेर काढली, पिंपातलं सगळं पाणी तिच्यावर ओतलं. अर्धा तास पोट हलत होतं. मग नाही.

दादा ओलं फडकं नाकाला धरून उंबऱ्यावर बसलेला. काय केलंस म्हटलं. 'तूच सांगं ना माले, हायपो टाक म्हनीसन.'

फळीवर पुडी तशीच. दोरासुद्धा सोडलेला नाही. डोळ्यांदेखत खोटं बोलतो म्हणून

मारलं. आधी हाताने. मग पेटी घासायचा लाकडी ब्रश हाताशी आला त्याने, डाव्या कानावर. किती वेळा, आठवत नाही. पेटीची काच फुटली, त्याच्या पाठीने की माझ्या लाथेने, माहीत नाही. तो एवढंच म्हणत होता, 'टाकं ना भाऊ, टाकं ना हायपो मी.' टाकला म्हणतो, नि पुडी तर बंद; मी आणखी चिडत होतो. त्याने हात उचलला नाही, तोंडापुढेसुद्धा धरला नाही. कानातून रक्त मानेवर आलं तेव्हा रमणभाई नि आणखी दोघांनी मला धरलं. आदल्या रविवारी ज्याचं डोकं आपटलं त्यानेच दादाला रिक्षात घातलं.

१८ मार्च, मंगळ.
कानाचा पडदा फाटला. डॉक्टर म्हणाले, डाव्या कानाने ऐकू येईलच असं नाही. दादा सकाळच्या बसने पलसाण्याला गेला, मिलच्या खोल्यांवर राहणार. दोन शर्ट नि डबा घेऊन.

सु. एकदाच बोलली. 'तुम्हले खांदावर बसाडीसन शाळामा लई जाये तो. त्याले मारं तुम्हीन? एक पालना गुंता?' एका पालीपायी. तिने ताट आपटलं, मी ताट भिंतीवर मारलं. भिंतीवर वरणाचा ओघळ आहे अजून.

सटवीला खाडीकाठी पुरलं. वाटेत एकाने घोरपड समजून विचारलं, तेल काढणार का. त्याच्या तोंडावर बुक्की मारली. हात आधीच सुजलेला, मलाच जास्त लागलं.

२२ मार्च, शनि.
उद्या होळी. सु.ने दादाचे उरलेले कपडे नि जेवणाचा डबा हातात दिला, म्हणाली पोचवून या. पलसाण्याला गेलो. दादा आत होता, मला गेटवर बसवलं. शेजारीच स्टोअर, तिथे निळे कॅन रचलेले. वारा फिरला नि वास आला. तोच. दारात आला होता तोच.

स्टोअरवाल्याला विचारलं यात काय. 'हाइपो.' मी म्हटलं हायपो म्हणजे खडे, पांढरे खडे. तो हसला. 'अरे, हाइपो एटले ब्लीच ज ने. आखी मिल एने हाइपो ज कहे छे.' कॅनवर खडूने तेच लिहिलेलं.

असला एक कॅन आमच्या मोरीत चार वर्षं आहे. दादाने शर्ट पांढरे करायला आणलेला. घरात आम्ही त्याला मिलचं पाणी म्हणतो. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. माझा हायपो ब्लीच मारतो, त्याचा हायपो म्हणजेच ब्लीच, तेही मिलचं, जहाल. मी म्हटलं हायपो टाक, त्याने टाकलं. वरून पाणी नको हेही मीच सांगितलेलं. पुडी फळीवर आहे एवढं मात्र सांगितलं नाही.

गेटवाल्याला म्हटलं, दादाला आत्ताच बोलव.

दादा आला. उजवा कान माझ्याकडे करून उभा राहिला, कापूस घातलेला डावा पलीकडे. सगळं सांगितलं. दोनदा सांगावं लागलं, मशिनचा आवाज होता. माझ्या तोंडून माफी कधी निघत नाही, आज निघाली.

तो खाली बघून म्हणाला, 'वास तर माले बी उना भाऊ. नाक जळं मन्हं. पन तू शिकेल मानूस, तू सांगेल चूक कसं व्हई?'

पाया पडायला वाकलो. तो एक पाऊल मागे सरला. शिफ्ट आहे म्हणाला.

२३ मार्च, रवि.
पेटीची उरलेली काच मुठीने फोडली. तीन टाके. सु. म्हणाली, दुसरं कोणी मिळालं नाही का आज?

बरोबर बोलली.

३० मार्च, रवि.
सकाळी दहाला दार वाजलं. दादा. खांद्याला पिशवी. सु.ने पत्र टाकलं होतं, मला सांगितलं नव्हतं.

मला काय आनंद झाला, लिहिता येत नाही. धावत गेलो नि त्याच्या खांद्यावरची पिशवी घ्यायला हात वर केला.

तो दाराच्या चौकटीला चिकटला. दोन्ही हात डोक्यावर, कोपरं तोंडापुढे, डोळे घट्ट मिटलेले. पिशवी खाली पडली. त्या दिवशी मी मारत होतो तेव्हा त्याने एकदाही हात वर केले नव्हते.

मी हात खाली घेतला. 'दादा, पिशवी घेत होतो रे,' म्हटलं, डाव्या बाजूने, त्याला ऐकू गेलं नसावं. सु.ने मला मागे सारलं, त्याला हाताला धरून आत आणलं, चहा दिला.

आता चार वाजलेत. तो बाहेरच्या खोलीत भिंतीला डावा कान लावून बसला आहे, तोंड माझ्याकडे. मी जागचा उठलो की चारच्या चहाचा कप खाली ठेवून दोन्ही हात मोकळे करतो. राहणार का, विचारलेलं नाही. पिशवी दाराशीच आहे, सु. म्हणते हात लावू नका.