शेवटच्या गाडीतली लाल काठी

सोमवार, ता. ४
आलो एकदाचा! घाटमाथ्यावरची ही चौकी म्हणजे एक खोली, एक टेबल, एक शेगडी आणि खिडकीबाहेर पांढरंफटक धुकं. दरड कोसळल्याने रस्त्याची एकच बाजू चालू आहे. वरून मी गाड्यांची रांग सोडायची, खालून पायथ्याच्या चौकीवरच्या दाजींनी. रांगेतल्या शेवटच्या गाडीकडे लाल काठी द्यायची. ती ज्याला पोचेल त्यानेच पुढची रांग सोडायची. झोपेतही जमेल असं काम. शनिवारी ही आणि छकुली येणार. छकुलीची नवी पिवळी टोपी म्हणे धुक्यातही दिसेल.

मंगळवार, ता. ५
मी नऊ गाड्या सोडल्या. दाजी फोनवर म्हणाले, दहा पोचल्या, काठी दहाव्या पांढऱ्या गाडीने दिली. मी तर ती टेम्पोवाल्याला दिली होती आणि मधे कुठे फाटाही नाही. वर मलाच विचारतात, पाढे कच्चे का रे तुझे? मीही हसलो.

गुरुवार, ता. ७
बारा सोडल्या, तेरा पोचल्या. पुन्हा तीच पांढरी. म्हणे काच खाली होते, हात काठी देतो, चेहरा दिसत नाही. नव्या माणसाला पळवून लावायचा डाव आहे हा. दाजींचा मेहुणा या जागेवर डोळा ठेवून होता, असं चहावाला सांगत होता. मला काय दूधखुळा समजतात? पितळ उघडं पाडतोच.

शुक्रवार, ता. ८
दिवसातली शेवटची रांग सोडली, सहा गाड्यांची. काठी मुद्दाम दिलीच नाही. दाजींचा फोन आला : सात आल्या, काठी मिळाली. पकडलं! काठी माझ्या टेबलावर आहे. मी ब्रही काढला नाही.

शनिवार, ता. ९, सकाळी साडेनऊ
काठी माझ्याकडे, म्हणजे रस्ता माझा. दोन ट्रक खाली सोडले. त्या खोटारड्याला विचारायचं कशाला?

पावणेदहा
हिचा फोन. घाट चढताहेत. दाजींनीच सोडलं. लाल काठी छकुलीच्या हातात आहे, झेंडा करून खेळतेय — म्हणजे दाजी खरंच — मी ओरडलो, मागे फिर — फोन तुटला.

ट्रकवाले उचलत नाहीत.

दहा
हॉर्न. लांब. मग काहीच नाही. एक फोन करायचा होता दाजींना, फक्त एक —

दिवे! आल्या, आल्या —

नाही. आपली गाडी निळी आहे.

पांढरी. दारातच थांबली. काच खाली — हात — काठी पुढे करतोय. टोकाला पिवळी टोपी —

आतून छकुली हाक मारतेय. बाबा, घे ना, म्हणतेय. मी हात —