कॅनडाच्या गाडीचं शेपूट

सास्काटून,
१२ ऑक्टोबर २०२५

ती. बाबांस,
मिहिकाचा सा. न. वि. वि.

आईच्या नियमाप्रमाणे हे महिन्याचं पत्र. हाताने लिहिलं आहे, फोटो काढून पाठवते आहे. फोनवर मी ‘ऑल गुड’ म्हणते आणि तिथेच खलास होतं, असं तिचं म्हणणं. शुद्धलेखन तपासून परत पाठवू नका.

गाडी घेतली. अकरा वर्षांची आहे, राखाडी आहे आणि चालते. नोव्हेंबरपासून माझी पहाटेची पाळी. शहरभरातून आलेले पाण्याचे नमुने साडेसहाला यंत्रात लावावे लागतात आणि पहिली बस मला सात वाजता पोचवते. जानेवारीच्या मध्यापर्यंत मी प्रोबेशनवर आहे. मग आमच्या प्रमुख मुनिबा मॅडम ठरवतील, ठेवायचं की नाही.

एक प्रश्न आहे. गाडीच्या पुढच्या जाळीतून एक तार बाहेर लोंबते. टोकाला तीन पिनांचा प्लग. गाडी पेट्रोलची आहे, मी स्वतः भरलं आहे. ज्याच्याकडून घेतली तो दुसऱ्याच दिवशी ऑस्ट्रेलियाला गेला. एकतीस वर्षं गाड्या बघणारा माणूस घरात असताना दुसऱ्या कोणाला विचारणं बरं दिसत नाही. फोटो जोडला आहे.

आईच्या डोळ्याचं ऑपरेशन कधी ते कळवा. तुमचा लोभ इथल्या हवेतही टिकेल असा असू द्या.

तुमची,
मिहिका


उम्म अल कुवैन,
१९ ऑक्टोबर २०२५

चि. मिहिकास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. शुद्धलेखनाच्या सात चुका आहेत. परत पाठवत नाही.

फोटो पाहिला. कॅनडाची जुनी गाडी इथल्या बंदरावर उतरते तेव्हा तिला हे शेपूट असतंच. आमच्या गॅरेजात महिन्याला दोन-तीन येतात. पहिलं काम म्हणजे कटर घेऊन ते मुळापासून कापणे. लोंबती तार दिसली की पासिंगवाला गाडी परत पाठवतो, आणि पासिंग नाही तर मुलकिया, म्हणजे इथलं नोंदणीपत्र, नाही. मग गाडी रस्त्यावर काढता येत नाही. कापलेल्या तारा मी बिस्किटांच्या डब्यात ठेवतो. तांबं टाकवत नाही. तूही काप. राहिलेल्या टोकाला टेप लाव.

रेडिएटरवर लक्ष ठेव. इंजिनाचा शत्रू एकच, उष्णता. हे मी एकतीस वर्षं उन्हात उभा राहून शिकलो आहे.

आईचं ऑपरेशन सत्तावीस नोव्हेंबरला. हवा छान झाली आहे, तीसवर आली. तुझ्याकडे किती?

आशीर्वाद आहेतच, पाण्याची पातळी तेवढी बघत जा.

तुझा,
बाबा


सास्काटून,
३० नोव्हेंबर २०२५

ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

ऑपरेशन नीट झालं हे फोनवर कळलं, बरं वाटलं. हे पत्र फक्त तुला आहे.

इथे उणे एकोणतीस आहे. सोमवारी गाडी सुरू झाली नाही. किल्ली फिरवली तेव्हा आत कोणीतरी खोकल्यासारखं झालं, मग तेही नाही. गुरुवारी पुन्हा तेच. अशा दिवशी टॅक्सी सगळ्यांनाच हवी असते, त्यामुळे ती कोणालाच मिळत नाही. दोन्ही दिवस उशीर झाला, नमुने वाया गेले. मुनिबा मॅडम ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या शांतपणे म्हणाल्या, की तिसऱ्यांदा असं झालं तर मला ठेवता येणार नाही.

आमच्या पार्किंगमध्ये प्रत्येक गाडीसमोर एक खांब आहे, त्यावर सॉकेट. मला वाटलं, दुबईसारखं इलेक्ट्रिक गाड्यांसाठी असेल. शेजारच्या आजोबांनी काल सांगितलं, की तो लोंबता प्लग इंजिनातल्या हीटरचा असतो. झोपण्याआधी लावायचा. इंजिनाभोवतीचं पाणी कोमट राहतं आणि पहाटे गाडी उठते. इथे सगळ्यांच्या गाडीला असतो. माझा कोणी कापला, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, चोरांनी.

आतलं हीटर शाबूत आहे, फक्त तार हवी. पण माझ्या मॉडेलची तार दुकानात नाही, जानेवारीच्या शेवटी येईल म्हणाले. तोवर माझा निकाल लागून गेलेला असेल.

बाबांना सांगू नकोस. कळलं तर ते जेवणार नाहीत.

डोळ्यात थेंब वेळेवर घाल. लोभ आहे तो दोन्ही डोळ्यांनी असू दे.

तुझी,
मिहिका


उम्म अल कुवैन,
७ डिसेंबर २०२५

चि. मिहिकास,
आशीर्वाद.

एका डोळ्याने लिहिते आहे. ओळी उतरल्या तर उतरू देत.

डॉक्टरांनी मला पंधरा दिवस फोनच्या पडद्याकडे बघायला मनाई केली आहे. हे तू विसरलीस. त्यामुळे तुझं पत्र ह्यांनीच मला मोठ्याने वाचून दाखवलं. ‘हे पत्र फक्त तुला आहे’ इथे जरा थांबले होते, पण मीच म्हटलं, आता वाचा. ‘चोरांनी’ हा शब्द अगदी हळू वाचला. ‘ते जेवणार नाहीत’ हे दोनदा वाचलं. मग जेवायला बसले आणि तुला खोटं पाडण्यासाठी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी म्हणाले, नोकरी गेली तर ती इकडेच येईल, नाही का. म्हणाले आणि स्वतःच कप ठेवून गॅलरीत गेले. तू परत यावीस हे त्यांना हवंच आहे. तू गेल्यापासून हवं आहे. पण त्यांच्या कटरमुळे नको. हे दोन्ही एकाच माणसाच्या पोटात आहे आणि वर त्या जास्तीच्या दोन पोळ्या.

तेव्हापासून माझी जाड शाल आणि मनालीहून आणलेली माकडटोपी कपाटात दिसत नाही. बाहेर सव्वीस डिग्री आहे. कुठे निघालात विचारलं तर म्हणतात, अभ्यासाला.

तू पायी जाऊ नकोस. नाक झाकत जा. माझा जीव तिथे आहे, तो नीट गुंडाळून ठेव.

तुझी,
आई


उम्म अल कुवैन,
२१ डिसेंबर २०२५

चि. मिहिकास,
आशीर्वाद.

तुझ्या गाडीचा विषय माझ्या वाचनात आला.

आजवर मी अशा शेकडो तारा कापल्या. त्या कशासाठी असतात हे एकदाही विचारलं नाही. झुबेर नऊ वर्षं माझ्या हाताखाली आहे. तो पाकिस्तानातल्या स्कर्दूचा, डोंगरातला. आता त्याला विचारलं, तेव्हा त्याने सांगितलं, की त्यांच्याकडे पहाटे ट्रकखाली निखाऱ्यांची परात सरकवतात. इतकी वर्षं बोलला का नाहीस, म्हटलं. त्याचं म्हणणं, उस्तादांनी विचारलं कधी?

डब्यातल्या तारा तुझ्या उपयोगाच्या नाहीत. प्रत्येकीचं हीटरकडचं टोक इंजिनातच राहिलं. मी कापणारा होतो, काढणारा नव्हतो. शेवटी शारजाच्या भंगारात तुझ्या मॉडेलचं एक इंजिन सापडलं, ज्याचं शेपूट माझ्या हाती लागलेलं नव्हतं. त्याची तार अखंड काढली आहे. कुरियर गुरुवारी गेलं.

आता नीट वाच. आधी राहिलेलं जुनं टोक सरळ ओढून काढ, पिरगळू नकोस. नवी तार रात्रभर घरात ठेव आणि कोटाच्या आत अंगाशी धरून खाली ने. अभ्यासातून असं दिसतं, की उणे बावीसला रबर काठीसारखं ताठ होतं आणि टोक बसत नाही. टोकात थोडं ग्रीस लाव. हातमोजे घालून हे काम होत नाही, आणि काढले तर तीन मिनिटांनी बोटं ऐकत नाहीत. म्हणून आधी घरात डोळे मिटून सराव कर. निघण्याच्या चार तास आधी प्लग चालू हवा. चित्र सोबत आहे.

इंजिनाच्या शत्रूबद्दल मी जे लिहिलं होतं, ते इथल्यापुरतं समज.

माझ्या ज्ञानावर नसला तरी माझ्यावर लोभ असू दे.

तुझा,
बाबा

ता. क. आईचा. हा अभ्यास कुठे झाला ते त्यांनी लिहिलं नाही. आपल्या मंडळाच्या गणपतीत मृदंग वाजवणारे भिकाजी इथल्या मासळीच्या कोल्ड स्टोरेजवर आहेत. त्यांची एक खोली रिकामी होती. तिथे भंगारातलं ते इंजिन पॅलेटवर ठेवलं आणि शेजारी स्टुलावर, माझ्या शालीत, हे. आत धूर करायचा नाही, अशी भिकाजींची अट. म्हणून रोज सकाळी फोर्कलिफ्टने इंजिन अंगणात काढायचं आणि गार आहे तोवर सुरू करून बघायचं. पहिलं हीटर जळालं. कॅनडाचं एकशे दहा व्होल्टचं, ह्यांनी दोनशे वीसवर लावलं. झुबेरने सांगितलं होतं. दुसरं ट्रान्सफॉर्मरवर लावलं आणि पाचव्या दिवशी इंजिन एका फटक्यात सुरू झालं. भिकाजींनी नारळ फोडला. माझ्या शालीला सुरमईचा वास येतो, तीनदा धुऊनही.


सास्काटून,
१८ जानेवारी २०२६

ती. बाबांस व सौ. आईस,
सा. न. वि. वि.

कुरियरचं पाकीट उघडलं आणि स्वयंपाकघरात सुरमईचा वास आला. आईच्या ता. क. वर माझा तोवर पूर्ण विश्वास नव्हता.

डिसेंबरभर रात्री दर तीन तासांनी उठून इंजिन चालवत होते, म्हणून तिसरा उशीर टळला. पाकीट आल्यावर डोळे मिटून दोन दिवस सराव केला. चार तारखेला तार कोटात घालून खाली गेले. जुनं टोक निघायला जड गेलं. नवं अडीच मिनिटांत बसलं. बाबा, तिसऱ्या मिनिटाला बोटं खरंच ऐकेनाशी होतात. हे ज्याला माहीत आहे तो माणूस त्या खोलीत तीन मिनिटांपेक्षा जास्त बसलेला आहे, एवढं मला कळलं.

खरी परीक्षा गेल्या मंगळवारी झाली. उणे छत्तीस, प्रोबेशनचा शेवटचा आठवडा. किल्ली फिरवली आणि गाडी एका फटक्यात सुरू झाली. नारळ नव्हता. मी तशीच निघाले. रस्त्यात तीन गाड्यांनी हॉर्न दिला, एका बाईने हात हलवला. मीही हलवला. मला वाटलं, लोक आता ओळखू लागले.

मुनिबा मॅडम प्रयोगशाळेच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी आधी घड्याळ पाहिलं. सहा वाजून एकोणीस मिनिटं. मग गाडीच्या मागे पाहिलं. नारिंगी रंगाची आठ मीटरची एक्स्टेन्शन वायर मी खांबावरून उपटून शहरभर ओढत आणली होती. प्लग काढायचा हे कोणाच्याच चित्रात नव्हतं. मी ती गुंडाळायला लागले. त्या म्हणाल्या, की पहिल्या हिवाळ्यात प्रत्येक जण एकदा आणतो. त्यांची स्वतःची एअरपोर्टपर्यंत गेली होती. त्यांना हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

शुक्रवारी कायम केल्याचं पत्र मिळालं. नमुने त्या दिवशीही वेळेवर लागले.

शेजारच्या आजोबांना आता खरं सांगितलं आहे, की चोर नव्हते. मासळीबरोबर बसून हीटरचा अभ्यास करणारा माणूस त्यांना बघायचा आहे. मार्चमध्ये याल का? तेव्हा उणे दहाच असतं.

दोघांचा लोभ चार तास आधीपासून चालू असू द्या.

तुमची,
मिहिका


उम्म अल कुवैन,
२५ जानेवारी २०२६

चि. मिहिकास,
आशीर्वाद.

चुका चार. सुधारणा आहे. नोकरीचं कळलं. भिकाजी आणि झुबेर यांना पेढे दिले.

सोमवारी कॅनडाची एक गाडी आली, शेपटासकट. झुबेरने सवयीने कटर पुढे केला. मी घेतला नाही. तार गुंडाळून जाळीच्या आत बांधली आणि वर चिठ्ठी लावली, की कापू नये, कशासाठी आहे ते आधी विचारावे. मंगळवारी गाडी पासिंगला गेली आणि पास झाली.

म्हणजे कापायची गरज कधीच नव्हती. हे आईला सांगू नकोस, असं लिहिणार होतो. पण तिचा डोळा आता उत्तम आहे आणि ती खांद्यावरून वाचते आहे.

मार्चमध्ये येतो. शाल आणतो. वासाला इलाज नाही.

लोभ आहे तसाच राहू दे. निघताना प्लग काढत जा.

तुझा,
बाबा